जुनी, स्वस्त इलेक्ट्रिक गिटार वाजती करताना: आधी काय, नंतर काय

माझ्याकडे येणाऱ्या स्वस्त सेकंडहँड गिटारींची कहाणी बहुतेक वेळा एकच असते. तीन-चार हजारांत गिटार घेतली. तारा बोटांना टोचतात म्हणून ब्रिजचे (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो धातूचा भाग) स्क्रू फिरवून त्या खाली आणल्या. चरचर सुरू झाली म्हणून ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) आतली सळई, पिळला. मग कॉर्ड बेसूर लागायला लागले म्हणून इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर जुळावा म्हणून तारेची लांबी जुळवणं, करून पाहिलं. शेवटी पिकअपच (तारांची थरथर अ‍ॅम्पकडे पाठवणारे चुंबक आणि वेटोळी) हलके असणार असं ठरवून नवे पिकअप मागवले. एवढं करूनही गिटार कोपऱ्यातच उभी.

यातलं एकही काम चुकीचं नाही, चुकतो तो क्रम. नेकचा बाक बदलला की तारांची उंची बदलते आणि उंची बदलली की इंटोनेशन हलतं. खालचा मजला सरळ नसताना वरचा बांधायला घेतला तर तो पुन्हा पाडावाच लागतो. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखादा टप्पा तुमच्या गिटारीला लागणार नाही असं वाटलं तरी तिथली तपासणी सोडू नका.

इथे मी स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीची गिटार धरली आहे: तीन सिंगल कॉइल (एकेरी वेटोळ्याचे) पिकअप, दांडीचा ब्रिज (दांडी दाबून सूर हलवता येतो असा), चार स्क्रूंनी जोडलेला नेक आणि नटपासून (हेडस्टॉकजवळची, तारांच्या खाचांची छोटी पट्टी) ब्रिजपर्यंत साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिमी लांबी. जुन्या बाजारात आणि हॉस्टेल सोडून जाणाऱ्या मुलांकडे हीच जास्त मिळते.

## टप्पा १: स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी

तारा गंजलेल्या असल्या तरी आधी गिटार नीट ट्यून करा. ९-४२ (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच, सगळ्यात जाड ०.०४२ इंच) या बारीक सेटमध्येही सहा तारांचा मिळून सुमारे ३८ किलो ताण असतो. तो ताण असतानाच नेक खरा कसा आहे ते कळतं. तारा काढून नेक पाहणं म्हणजे माणूस झोपलेला असताना त्याची चाल पाहण्यासारखं आहे.

आता हेडस्टॉककडून, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकाकडून, एक डोळा मिटून फ्रेटबोर्डच्या (जिच्यात फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात त्या फळीच्या) दोन्ही कडा पाहा. दोन्ही कडांना सारखाच बाक असेल तर काळजी नाही, तो ट्रस रॉडने निघतो. एक कड सरळ आणि दुसरी वाकडी दिसली तर नेकला पीळ बसला आहे. तो घरी निघत नाही. गिटार अजून विकत घेतली नसेल तर तिथेच नमस्कार करा. घेऊन झाली असेल तर पुढचा खर्च करण्याआधी दुसरा नेक मिळतो का ते बघा.

ट्रस रॉडचा नट (हा आवळायचा नट, तारांच्या खाचांची पट्टी नव्हे) हेडस्टॉकवरच्या छोट्या झाकणाखाली किंवा नेकच्या बुडाशी असतो. तो जिवंत आहे एवढीच खात्री आत्ता करायची. बरोबर मापाची अ‍ॅलन की पूर्ण आत बसवून घड्याळाच्या उलट दिशेने थोडं सैल करा आणि पुन्हा होता तिथे आणा. की आत नुसतीच गरगरली तर नटाच्या कडा झिजल्या आहेत. ते काम दुकानातल्या कारागिराचं.

मग अ‍ॅम्पला जोडा. स्विचच्या पाचही जागा, तिन्ही नॉब, केबल जॅकमध्ये हलवून पाहणं, सगळं करा आणि दोष कागदावर लिहा. मल्टिमीटर असेल तर गिटार न उघडताच एक चांगली चाचणी होते. केबल गिटारीत लावा, सगळे नॉब पूर्ण वर ठेवा आणि केबलच्या मोकळ्या प्लगचं टोक व बाजू यांमधला रेझिस्टन्स मोजा. एकेका पिकअपला साधारण ५ ते ८ किलोओहम दिसला तर कॉइल ठीक आहे. दोन पिकअप एकत्र वाजतात त्या जागांवर आकडा निम्म्याच्या आसपास येतो, तो दोष नव्हे. मीटर काहीच दाखवत नसेल तर कुठेतरी वायर तुटलेली आहे. आकडा शेकडो किलोओहममध्ये गेला तर तो नुसता व्हॉल्यूमच्या नॉबचा असतो, म्हणजे कॉइल किंवा तिची वायर तुटलेली आहे. शून्य दाखवत असेल तर आधी व्हॉल्यूमचा नॉब बघा, मगच शॉर्टचा संशय घ्या.

सावध: अ‍ॅम्पची तीन पिनांची वायर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावा. दोन पिनांचा अ‍ॅडॅप्टर लावून अर्थ तोडू नका. गिटारीच्या तारा वायरिंगमधून थेट अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला आणि घराला अर्थिंग नसलं, तर २३० व्होल्ट तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकतात. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर गिटार खाली ठेवा, अ‍ॅम्प बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

## टप्पा २: सामान आधी जमवा

अर्ध्या कामात दुकानात पळावं लागलं की माणूस जे हाताला येईल ते वापरतो आणि तिथेच स्क्रूची डोकी झिजतात. हे आधी आणून ठेवा:

- ९-४२ तारांचा एक नवा सेट
- मिलिमीटरच्या अ‍ॅलन कींचा संच. सॅडलला (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते तो छोटा तुकडा) बहुधा १.५ मिमीची, ट्रस रॉडला ४ किंवा ५ मिमीची लागते
- फुलीचे दोन स्क्रूड्रायव्हर, एक बारीक आणि एक जाड
- १० मिमीचा पाना, खुंट्यांच्या आणि काही गिटारींत नॉबच्या नटांसाठी
- अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी
- क्लिपवाला ट्यूनर आणि एक कॅपो (सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा)
- कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे
- मास्किंग टेप, पॉलिश पेपर, फेविकॉल, टूथपिक, मऊ पेन्सिल

सोल्डरिंगचं सामान आणि मल्टिमीटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबाजवळ मिळतं. दुकानदाराला कॉन्टॅक्ट क्लीनर असंच सांगा. कडीकोयंड्याला मारायचा तेलकट स्प्रे नॉबमध्ये मारू नका. त्यामागे राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि खरखर परत येते.

नवे पिकअप, नवा ब्रिज, नवा रंग आत्ता मागवू नका. गिटार नीट लागल्यावर तिचा आवाज ऐका आणि मग ठरवा.

## टप्पा ३: तारा उतरवणं आणि साफसफाई

ताणलेली तार पक्कडीने कापू नका. ती सुटून डोळ्याकडे येते. खुंटी फिरवून सगळ्या तारा ढिल्या करा, मग कापा.

फ्रेटबोर्डचा रंग आधी बघा. गडद, कोरडं, रेषा दिसणारं लाकूड असेल तर लायटरमध्ये भरायचं पेट्रोल (लायटर फ्लुइड) कापडावर थोडंसं घेऊन मळ काढा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ उदबत्तीसुद्धा नको. ते सुकलं की केमिस्टकडे मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचे चार-पाच थेंब चोळा आणि दहा मिनिटांनी कोरड्या कापडाने सगळं पुसून घ्या. पिवळट, चकचकीत मेपल असेल तर त्यावर लॅकर असतं. तिथे ओलसर कापड पुरे, तेल अजिबात नको.

नेहमीची चूक: खोबरेल. घरात असतं म्हणून लोक तेच लावतात. कोकणातून आलेल्या एका गिटारीच्या फ्रेटबोर्डवर मी नख ओढलं तर काळा चिकट मेणासारखा थर निघाला आणि खवट वास आला. खाद्यतेल लाकडात खराब होतं आणि फ्रेटच्या खाचेत जाऊन बसतं. लिंबाचा रस तर त्याहून वाईट, त्यातल्या आम्लाने फ्रेट काळवंडतात.

## टप्पा ४: वायरिंग, तारा नसतानाच

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात. मग नव्या तारा लावून झाल्यावर पिकगार्ड उघडायला त्या सगळ्या पुन्हा सोडाव्या लागतात. म्हणून आत्ताच.

पिकगार्डचे स्क्रू काढा, ते एका वाटीत ठेवा, पिकगार्ड अलगद उलटा करा आणि कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. दोन कोनांतून काढा. एखादी वायर नंतर सुटली तर ती कुठे होती ते फोटोच सांगतो.

सगळ्यात आधी जॅक बघा. एका मुलाने आवाज तुटतो म्हणून तिन्ही पिकअप बदलून आणले होते आणि तरी आवाज तुटतच होता. जॅकची पाटी उघडली तर आतल्या वायरला दोरीसारखा पीळ पडला होता आणि तांब्याचा एकच केसाएवढा धागा जॅकला धरून होता. जॅकचा बाहेरचा नट ढिला झाल्यावर तो बाहेरूनच आवळत गेला होता. नटाबरोबर आतला जॅकही फिरत राहतो आणि वायर पिळत जाते. नट आवळताना जॅक आतून बोटांनी घट्ट धरायचा, हे एवढंच पाळलं तर ही दुरुस्ती कधीच लागत नाही. जॅकची पितळी पत्ती बाहेर फाकली असेल तर ती किंचित आत वाकवा. केबल आत जाताना टक् असा आवाज यायला हवा.

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) तीन पायांजवळ जी फट असते तिच्यात कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. स्विचच्या पात्यांनाही तसंच करा. बहुतेक खरखर एवढ्याने जाते. नाही गेली तर पॉट बदला. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा पॉट नेहमीचा. नवा घेताना जुना बरोबर न्या, कारण स्वस्त गिटारींत लहान आकाराचे पॉट असतात आणि मोठा पॉट भोकात बसत नाही.

आता अर्थ. तारा नाहीत, म्हणून ब्रिजच्या धातूला हात लावा. अ‍ॅम्पमधली घरघर कमी होत असेल तर अर्थ ठीक आहे. सिंगल कॉइलला थोडी घरघर राहतेच. हात लावून काहीच फरक पडत नसेल तर मागचं प्लास्टिकचं झाकण काढा. ब्रिजच्या स्प्रिंगा ज्या पत्र्याच्या पंजात अडकवलेल्या असतात, त्याला एक वायर सोल्डर केलेली असते. बहुधा तीच सुटलेली सापडते. ती जोडताना पत्रा पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. इथे २५ वॅटचा आयर्न पुरत नाही, पत्रा उष्णता ओढून घेतो. ६० वॅटचा घ्या. सोल्डर वायर आत राळ असलेली हवी.

पॉटच्या पायांना मात्र २५ वॅटचाच आयर्न, आणि तोही तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका. आधी जोड तापवा, मग सोल्डर त्याला लावा. सोल्डर टोकावर वितळवून थेंब ठेवला तर तो वरवर चिकटतो आणि महिन्याभरात सुटतो.

तपासा: पिकगार्ड बंद करण्याआधी केबल लावून प्रत्येक पिकअपच्या लोखंडी खुंटांवर स्क्रूड्रायव्हर हळूच टेकवा. अ‍ॅम्पमध्ये टक् असा आवाज आला पाहिजे. स्विचच्या पाचही जागांवर करून बघा. मगच स्क्रू लावा.

## टप्पा ५: सैल झालेलं सगळं

खुंट्यांचे वरचे नट १० मिमीच्या पान्याने हाताच्या साध्या जोराने आवळा. खुंटीच्या बटणाचा छोटा स्क्रूही बघा. सूर टिकत नाही म्हणून खुंट्या बदलायला निघालेल्यांच्या गिटारीत बरेचदा हे नटच सैल असतात.

बेल्टचं बटण किंवा ब्रिजचा स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालं आहे. टूथपिकच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासून भरा, वरचं कापून टाका आणि एक रात्र वाळू द्या. दुसऱ्या दिवशी मधोमध बारीक भोक पाडून स्क्रू बसवा. जाडा स्क्रू घालून वेळ मारून नेऊ नका. स्वस्त गिटारीचं लाकूड मऊ असतं, ते चिरतं.

दांडीच्या ब्रिजबाबत माझं मत स्पष्ट आहे: पहिले काही महिने तो बॉडीला टेकवून ठेवा. मागच्या पंजाचे दोन लांब स्क्रू थोडेथोडे आवळायचे. नव्या तारा लावल्यावरही ब्रिजचा पत्रा बॉडीवर सपाट बसला पाहिजे. तीन स्प्रिंगांनी जमत नसेल तर पाच लावा. दांडी काढून केसमध्ये ठेवा. स्वस्त ब्रिज तरंगता ठेवला की एक तार तुटली तरी बाकीच्या पाच बेसूर होतात.

## टप्पा ६: फ्रेट

फ्रेटची टोकं हाताला करवतीसारखी लागत असतील तर लाकूड आटलं आहे. बारीक कानस तिरपी धरून फक्त टोकं मारा. कानस लाकडाला लागू नये म्हणून कडेला मास्किंग टेप लावा.

मग उठलेला फ्रेट शोधा. न वाकलेलं जुनं एटीएम कार्ड घ्या आणि त्याची सरळ कड उभी धरून तीन फ्रेटवर टेकवा. कार्ड डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच. खालच्या फ्रेटना कार्डाची लांब बाजू लागते, पुढे आखूड, आणि बाराव्याच्या पुढे कार्ड कापून सुमारे ४० मिमी, सतराव्याच्या पुढे सुमारे ३० मिमी करा. एका वेळी तीनच फ्रेट टेकले पाहिजेत, चार टेकले तर चाचणी फसते.

डुगडुगणाऱ्या फ्रेटचं टोक नखाने दाबून बघा. ते खाली-वर होत असेल तर फ्रेट खाचेतून सुटला आहे. फ्रेटवर लाकडाचा सपाट तुकडा ठेवून आणि नेकखाली वाळूची पिशवी घेऊन हलकेच ठोका. बसला तर कडेने पातळ सुपरग्लूचा एक थेंब सोडा. पण फ्रेट घट्ट बसलेला आहे आणि तरी उंच आहे, असे तीन-चार निघाले, तर सगळे फ्रेट एका पातळीत घासावे लागतील. ते शिकायची ही गिटार नव्हे, असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या प्रयत्नात ते करू नका.

शेवटी लाकडावर टेप लावून फ्रेट १००० आणि मग २००० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकवा. तारेची घासणी (स्टील वूल) वापरू नका. तिचा लोखंडी भुसा पिकअपच्या चुंबकाला चिकटतो आणि निघता निघत नाही.

## टप्पा ७: नव्या तारा

नटच्या प्रत्येक खाचेत मऊ पेन्सिल घासा. ट्यून करताना टिंग असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो तो तार खाचेत अडकल्यामुळे. पेन्सिलीच्या पुडीने तार सरकते.

तार खुंटीवर दोन-तीन वेढेच घ्या, प्रत्येक वेढा आधीच्याच्या खाली. सात-आठ वेढे झाले की ते एकमेकांवर चढतात आणि आठवडाभर सूर उतरत राहतो. ट्यून करताना नेहमी खालून वर या. जास्त चढलं तर खाली उतरून पुन्हा वर. बाराव्या फ्रेटजवळ तार बोटाने सेंटिमीटरभर उचला, सोडा, ट्यून करा. तार सूर धरेपर्यंत हे करत राहा.

बारीक ई तारेचा कापून उरलेला तुकडा फेकू नका. तो पुढच्याच टप्प्यात लागणार आहे.

## टप्पा ८: ट्रस रॉड

सगळ्यात भीती याच कामाची असते आणि सगळ्यात घाईही यातच होते. तारांची उंची कमी-जास्त करणं हे ट्रस रॉडचं काम नव्हे. तारांच्या ताणाला नेकचा बाक किती राहील, एवढंच तो ठरवतो. हा बाक थोडा हवाच, कारण तार मध्यभागी जास्त हलते.

मोजायचं असं. गिटार पूर्ण ट्यून करा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. उजव्या हाताने जाडी ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आता ती तारच तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांमध्ये किती फट आहे ते बघा. तिथे बारीक ई तारेचा तो उरलेला तुकडा सरकवा. ९ च्या सेटमधली ती तार ०.००९ इंच, म्हणजे ०.२३ मिमी जाडीची असते, आणि आपल्याला साधारण तेवढीच फट हवी. तुकडा वरची तार न हलवता जेमतेम जात असेल तर नेक बरोबर आहे, अ‍ॅलन कीला हात लावू नका.

तुकडा घालूनही वर बरीच जागा उरत असेल तर बाक जास्त आहे: नटाकडे तोंड करून घड्याळाच्या दिशेने आवळा. तुकडा जातच नसेल तर नेक फार सरळ किंवा उलटा वाकला आहे: घड्याळाच्या उलट दिशेने सैल करा. एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग, फार तर पाव. आवळण्याआधी तारा थोड्या ढिल्या करा म्हणजे नटावर जोर कमी येतो. प्रत्येक वेळी पुन्हा ट्यून करून मोजा. पाव फेऱ्यानंतर काम थांबवून गिटार दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच ठेवली तर उत्तम. लाकूड आपला वेळ घेतं.

सावध: नट घट्ट झाला आणि बाक तरी तसाच आहे, तर थांबा. आणखी जोर लावून रॉड तुटला तर त्याच्या दुरुस्तीचा खर्च गिटारीच्या किमतीपेक्षा जास्त होतो.

## टप्पा ९: नट

खुले कॉर्ड बेसूर, बाराव्या फ्रेटवर मात्र सूर बरोबर. अशा गिटारीचं इंटोनेशन करून उपयोग नाही, तिचा नट उंच आहे. पहिल्या फ्रेटवर तार दाबायला ती जास्त खाली ओढावी लागते, ओढल्याने ती ताणली जाते आणि सूर चढतो. नवशिक्यांना एफ कॉर्ड लागत नाही यात बोटांचा दोष असतो, तसा बरेचदा नटचाही असतो.

कॅपो काढा. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. झेरॉक्सचा साधा कागद जेमतेम जाईल, म्हणजे सुमारे ०.१ मिमी, एवढी फट हवी. बोटाने तार टिचकली तर अगदी बारीक टिक् ऐकू यावा. सहाही तारांना करून बघा आणि उंच असलेल्या कागदावर लिहा.

खाच खोल करायला नटच्या खास कानशी महाग पडतात. वेल्डिंगच्या नोझल साफ करायच्या बारीक खरखरीत काड्यांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो चालतो. तारेच्या जाडीची किंवा किंचित जाडी काडी निवडा. खाचेचा उतार खुंटीकडे ठेवा. तार फ्रेटबोर्डच्या बाजूच्या कडेवर टेकली पाहिजे, मागे टेकली तर सतारीच्या जवारीसारखी झणझण येते. दोन वेळा ओढा, तार बसवा, ट्यून करा, मोजा. पुन्हा दोन वेळा. नटमध्ये सगळं काम घासून कमी करायचं असतं, वाढवायचं नसतं, म्हणून इथे धीर धरावाच लागतो.

जास्त घासलं गेलं आणि मोकळी तार चरचरायला लागली तर खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा भरून त्यावर फेविक्विकचा थेंब सोडा. क्षणात दगडासारखं होतं. धूर येतो, तोंड लांब ठेवा. मग नव्याने खाच पाडा.

## टप्पा १०: तारांची उंची

आता ब्रिजचे ते स्क्रू, ज्यांच्यापासून सगळे सुरुवात करतात. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जाड्या ई तारेला २ मिमी, बारीक ई तारेला १.५ मिमी, मधल्या चार तारा या दोहोंच्या मध्ये पायरीपायरीने. २ आणि १.५ मिमीचे ड्रिल बिट मापाला पट्टीपेक्षा सोपे पडतात. पट्टीच वापरत असाल तर तिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो ना, ते बघा.

प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात. दोन्ही सारखे फिरवा म्हणजे सॅडल तिरकं होत नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की तार वर जाते.

सॅडल पूर्ण खाली बसलं तरी तारा उंचच असतील तर नेकचा कोन चुकला आहे. तारा ढिल्या करून नेक काढा आणि खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला व्हिजिटिंग कार्डाची एक पट्टी ठेवून नेक पुन्हा बसवा. हेडस्टॉक किंचित मागे जातो आणि तारा खाली येतात. असं केलं तर टप्पा ८ पासून पुन्हा मोजा.

कुठे चरचर येते त्यावरून कारण ओळखा. फक्त मोकळी तार चरचरली तर नटची खाच खोल. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक फार सरळ. सगळीकडे असेल तर तार फार खाली. एकाच जागी असेल तर पुढचा फ्रेट उंच. अ‍ॅम्पला न जोडता येणारी हलकी चरचर अ‍ॅम्पमधून ऐकूच येत नसेल तर तिच्यामागे लागू नका.

## टप्पा ११: इंटोनेशन

आधी तिन्ही पिकअप खाली उतरवा. चुंबक जवळ असला तर तार ओढली जाते आणि ट्यूनरचा काटा डळमळतो.

गिटार वाजवताना धरता तशीच धरा, टेबलावर आडवी नको. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसतं टेकवून येणारा सूर) वाजवून तार ट्यून करा. मग तीच तार बाराव्या फ्रेटवर नेहमीच्या जोराने दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्या, म्हणजे नेकपासून लांब. उतरलेला असेल तर पुढे आणा. स्क्रू ब्रिजच्या मागच्या बाजूला असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सॅडल मागे जातं. सॅडल सरकवण्याआधी तार थोडी ढिली करा आणि प्रत्येक वेळी हार्मोनिकवर पुन्हा ट्यून करा. हे विसरल्यामुळेच लोक तासभर गोल गोल फिरतात.

जाड्या ई तारेचं सॅडल बहुधा सगळ्यात मागे जातं. तिथे स्प्रिंग दबून पुढे जागाच उरली नाही तर स्प्रिंग अर्धी कापून बसवा. काटा मधल्या खुणेच्या अगदी लगत आला की पुरे.

नेहमीची चूक: जुन्या तारांवर इंटोनेशन. झिजलेल्या, मळलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी नसते, मग सॅडल कुठेही नेलं तरी सूर जुळत नाही.

## टप्पा १२: पिकअप वर आणणं

तार शेवटच्या फ्रेटवर दाबून पिकअपपर्यंतचं अंतर मोजा. सुरुवातीला ब्रिजजवळच्या पिकअपला २.५ मिमी, मधल्याला ३ आणि नेकजवळच्याला ३.५ ठेवा. मग स्विच बदलून ऐका आणि तिन्हींचा आवाज एकाच पातळीवर येईपर्यंत पाव-पाव फेरा करत जा. वरच्या फ्रेटवर जाडी तार दुहेरी, लहरत ऐकू आली तर पिकअप फार जवळ आला आहे.

आठ-दहा दिवस गिटार रोज वाजवा. नव्या ताणाला नेक जरा हलतो, म्हणून त्यानंतर टप्पा ८, १० आणि ११ ची मापं पुन्हा घ्या आणि कागदावर तारखेसह लिहून केसमध्ये ठेवा. पाऊस नीट लागल्यावर एकदा आणि दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर एकदा, याच कागदाशी ताडून बघा. गिटार माळ्यावर किंवा पावसाची ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका.